इकडचे कपडे

मुलुंडचा कारखाना बंद पडला तेव्हां इकडचीं २४ वर्षें खाकी गणवेशांत गेलीं होतीं. अंधेरीच्या एका कचेरींत नवी नोकरी लागली, आणि कपाटांत लग्नांतला कोट तेवढा निघाला. तोही अंगास होईना. खर्चावयास आमच्याजवळ होते ६,००० रुपये.

झगझगीत दुकानांत तेवढ्यांत फार तर दोन जोड आले असते. आम्हीं मंगळदास बाजार गाठला. ५८ इंची पन्ह्याचें कापड विजारीस सव्वा मीटर पुरतें. विजारी दोन, एक करडी व एक गडद निळी. सदरे तीन, सारे फिक्या रंगाचे. कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालतो, म्हणजे सहा दिवसांचे सहा वेष झाले. सदरे सुतीच घेतले. आपल्या दमट हवेंत टेरिलीन अंगास चिकटतें. शिंप्यास एवढेंच बजाविलें कीं, खांदा मापांत बसवा आणि शिवणींत माया भरपूर ठेवा. (पोटाचा भरंवसा कोणी द्यावा?) उरल्या पैशांत काळे बूट आले.

घाटकोपरापर्यंत लोकलच्या गर्दींत इस्त्री मोडतेच. मात्र पुढें २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोच्या थंड डब्यांत घाम तरी वाळतो.

पहिल्या दिवशीं आरशापुढें उभें राहून, “हे गृहस्थ कोण?” असें इकडून विचारणें झालें. आम्हांस तो विनोद वाटला, आम्ही हंसलों. दुपारीं जुने खाकी सदरे पुसण्यास काढले, तों त्यांतला एक कमी भरला. नव्या सदऱ्यांच्या तळाशीं तो नीट घडी घालून ठेविलेला होता. आम्हीं तो तेथेंच राहूं दिला.