गावाचे नाव

बदलीच्या नोकरीत माणसाला पत्ता असतो, गाव नसते. केंद्र सरकारच्या चाकरीची माझी दहा वर्षे तीन शहरांत गेली. कलकत्त्यास रुजू झालो त्या दिवशीच कचेरीतील सहकाऱ्याने विचारले, “मोहन बागान की ईस्ट बेंगॉल?” मी हसून वेळ मारून नेली. ज्या गावात आपण उपरे, तेथील क्लब आपला कसा म्हणावा?

२०२२ च्या विश्वचषकात जपानने जर्मनी आणि स्पेन या दोघांनाही नमविले, तेव्हापासून मला जपानी फुटबॉलचा नाद लागला. शनिवारी सकाळी साडेदहाला इकडे चहाचा दुसरा पेला होतो, तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजून सामने सुरू होतात. खेळाच्या दर्जात ही लीग इंग्लंड-स्पेनची बरोबरी करीत नाही. मितोमासारखे गुणी खेळाडू युरोपात निघून जातात. तिचे वेगळेपण निराळ्याच गोष्टीत आहे.

पूर्वी तेथील प्रमुख संघ कंपन्यांचे असत. १९९३ साली दहा क्लबांनिशी व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा क्लबाने कंपनीचे नव्हे, गावाचे नाव लावावे असा दंडक घातला गेला. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निस्सानचा योकोहामाचा. २०२४ साली तीन श्रेणींत मिळून ६० क्लब झाले होते. अमेरिकेतील लीगमध्ये तळाच्या संघाची पदावनती होत नाही. जपानात इंग्लंडप्रमाणेच चढणे-उतरणे आहे. आपल्याकडे पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जे.सी.टी. हा गिरणीचा संघ २०११ साली बंद झाला. मालकाने हात काढला की असा संघ संपतो.

पण नुसते नाव बदलून भागत नाही, हेही जपानलाच कळले. योकोहामा फ्लूगेल्स या क्लबाचा एक आश्रयदाता निघून गेला आणि १९९८ च्या ऑक्टोबरात क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन होणार असे जाहीर झाले. खेळाडू मात्र खेळत राहिले. १ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी सम्राट-चषक जिंकला, आणि त्याच दिवशी तो संघ इतिहासजमा झाला. चाहत्यांनी मारिनोसचा झेंडा हाती घेतला नाही. त्यांनी योकोहामा एफ.सी. नावाचा नवा क्लब उभा केला. २००७ च्या हंगामात तो पहिल्या श्रेणीत खेळला.

ही हकीकत मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सांगितली. तो पाड्यातल्या क्लबात बंगाली मुलांबरोबर खेळतो. ऐकून घेऊन त्याने विचारले, “बाबा, मग आपण कुठले?” महाराष्ट्रात बदली मागणारा माझा अर्ज खणात लिहून तयार होता. “सातारचे,” असे मी म्हणालो खरा. पण त्याने सातारा दोनदाच पाहिला आहे.

त्या रविवारी मी त्या क्लबाच्या चिटणीसांकडे गेलो आणि वर्षाची वर्गणी भरली. “दादा, बदली झाली तर?” त्यांनी पावती फाडता फाडता विचारले. “पुढच्या वर्षीचीही घेऊन ठेवा,” मी म्हणालो. अर्ज अजून खणातच आहे.