बेलवलकरांची मुदत ठेव

वाणिज्य शाखेच्या माणसाला शोकांतिकेतलं काय कळणार, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. त्या मराठी घेऊन बी. ए., मी साधा बी. कॉम. लग्नपत्रिकेत दोन्ही पदव्या शेजारी शेजारी छापल्या गेल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे. पण पैठणसारख्या गावात वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला शोकांतिका कळायला पदवी कशाला हवी? सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत ती रांग लावून समोर उभीच असते.

आमच्या शेजारी मराठीचे एक प्राध्यापक राहतात. त्यांना गृहकर्जाची चौकशी करायची असली, की ते आधी ॲरिस्टॉटल काढतात. परवा म्हणाले, "शोकांतिकेचा नायक अगदी संत नको आणि दुष्टही नको. मोठा माणूस हवा, पण त्याच्या हातून 'हमार्शिया' घडायला हवी. हा शब्द नेमबाजीतला. हमार्शिया म्हणजे पाप नव्हे, नेम चुकणं."

"म्हणजे मोठेपणा हवा आणि चूक हवी," मी हिशेब मांडला. "निम्मी पात्रता माझ्याकडे आहे."

"कोणती निम्मी, ते सांगायची गरज नाही," आतून आवाज आला.

मग प्राध्यापकांनी इडिपसची गोष्ट सांगितली. सोफोक्लीसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं हे नाटक पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं. नगरात रोगराई पसरते. आधीच्या राजाचा खुनी शोधल्याशिवाय ती हटणार नाही, असा कौल मिळतो. इडिपस शोधाला लागतो, ह्याच्यावर संशय घे, त्याच्यावर ओरड, असं करत जातो. राणी विनवते, "आता पुरे, शोधू नका." हा ऐकत नाही. शेवटी खुनी सापडतो, तो हाच!

ऐकताना मला दरदरून घाम फुटला. कारण हे नाटक मी आमच्या शाखेत केलेलं आहे. एका संध्याकाळी कॅश जुळेना. पाचशे रुपये कमी. मी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडे संशयाने पाहून घेतलं. वयस्कर हेड कॅशियर म्हणाले, "जाऊ दे रे, मी भरतो." मी म्हणालो, "नाही! सत्य बाहेर आलंच पाहिजे!" रात्री साडेनवाला ते आलं. माझ्याच अक्षरात होतं. इडिपसने स्वतःचे डोळे फोडून घेतले. मी दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. थोर आणि किरकोळ माणसात एवढा फरक राहणारच.

पण एक गोष्ट माझ्या बी. कॉम. डोक्यात पक्की बसली. इडिपस ज्या हट्टाने चांगला राजा झाला, त्याच हट्टाने बुडाला. आम्ही याला दुहेरी नोंद म्हणतो. जी रक्कम एका खात्यात जमा, तीच दुसऱ्या खात्यात नावे. गुण आणि दोष ही दोन व्हाउचरं नसतातच, एकाच व्हाउचरच्या त्या दोन बाजू.

आपल्या गणपतराव बेलवलकरांचं तरी दुसरं काय झालं? शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर श्रीराम लागू त्यात अप्पा झाले आणि महाराष्ट्राच्या घशात कायमचा आवंढा ठेवून गेले. आम्ही उभयतांनी 2016 साली तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन त्याचा सिनेमा पाहिला, आणि परतीचे पन्नास किलोमीटर एकमेकांशी बोललो नाही. अप्पांचा मोठेपणा कोणता? देताना हात आखडला नाही. आणि चूक? तीच. होतं नव्हतं ते मुलांना देऊन टाकलं, आणि मग त्यांच्याच घरी राहायला गेले. शेवटी लेकीच्या घरी चोरीचा आळ आला.

आमच्या नाथमहाराजांवर मात्र शोकांतिका होऊ शकत नाही. रामेश्वराला न्यायची कावडीतली गंगा त्यांनी तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा पैठणात पोरासोरांना पाठ आहे. पण गंगा पाजून नाथ गाढवाच्या घरी राहायला गेले नाहीत. दिलं ते दिलं, खातं बंद. अप्पांनी मात्र दिलेल्यावर व्याज धरलं होतं, थोड्या मायेचं. आपण सगळेच धरतो.

हे सगळं आठवायचं कारण आमचे गुरुजी. गेल्या महिन्यात ते काउंटरवर आले आणि मुदत ठेवीच्या तिन्ही पावत्या पुढे सरकवल्या. मुदतीआधीच मोडायच्या. मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता.

"गुरुजी, व्याज कापलं जाईल," मी म्हणालो.

"कापू दे."

मी आवाज खाली आणला. "गुरुजी, 'नटसम्राट' पाहिलंय ना तुम्ही?"

गुरुजी हसले. "अरे, शाळेच्या गॅदरिंगला अप्पांचं काम मीच केलं होतं. तू पहिल्या रांगेत शेंगा खात बसला होतास."

"मग?"

"मग काय? पोरगा आहे माझा."

यावर ॲरिस्टॉटलकडे काय उत्तर आहे, मला ठाऊक नाही. माझ्याकडे एकच होतं. "गुरुजी, सर्व्हर डाउन आहे. उद्या या." हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा उच्चारलंय, पण खोटं असूनही लाज वाटली नाही अशी ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला गुरुजी हजर, बरोबर काकू. गुरुजी फॉर्म भरत होते तेव्हा काकू खिडकीशी वाकून हळूच म्हणाल्या, "तुमचा सर्व्हर आणखी दोन दिवस बंद नाही का राहायचा?"

सर्व्हर चालू होता. ठेव गुरुजींची, सही गुरुजींची. नियमात कुठे अडकवायला जागा नव्हती. फळ्यावर काढावं तशा वळणदार अक्षरात त्यांनी तीन सह्या केल्या. हात जरासुद्धा हलला नाही. मी बटण दाबलं.

त्या संध्याकाळी आमची कॅश पैशापैशाला जुळली. तरीसुद्धा मी बराच वेळ बसून फरक शोधत होतो.