वाकोल्यातून बिअरचं डीबगिंग

धाकटा भाऊ न्यू जर्सीत स्वस्तातल्या किटची बिअर करतो आणि शनिवारी मला फोन लावतो. मी वाकोल्यात, म्हणजे फक्त थिअरी! १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे इथे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली.

त्याची बिअर पातळ, आंबूस. म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी किलोभर साखरेऐवजी माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं, दाटपणा आला. मग बादली तळघरात ठेवून १८-२० अंशांवर आंबवली. उग्र वास गेला. यीस्ट तेच, डब्याच्या झाकणाखालचं. आपल्या ३० अंशांत कुठलं जमायला!

अण्णा गेल्यापासून आमचं बोलणं घराच्या कागदांपुरतंच उरलं होतं. आता तासभर चालतं. चव काय, तो सांगेल तीच.