सरांनी घेऊ न दिलेलं कर्ज

स्वतःचा दवाखाना काढायचा की नाही, हे मी एकटीने ठरवलं असं आजही म्हणवत नाही. त्या निर्णयावर तीन माणसांचे उपकार आहेत: एक सिस्टर, एक सर आणि सरांकडचे कंपाउंडर काका.

एमबीबीएसनंतरचं सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष मी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केलं. तिथल्या सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या. उन्हाळ्यात लाकूडफाटा उपसताना लाल विंचू चावलेली माणसं यायची. पुस्तकात वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम गर्दी करायचं. सिस्टर शांतपणे म्हणायच्या, ‘‘मॅडम, नुसती कळ असेल तर घाबरू नका. हात-पाय गार पडलेत का, घाम सुटलाय का, ते बघा.’’ तसं असेल तर प्राझोसिनची गोळी द्यायची आणि रात्रभर नाडी, रक्तदाब आणि श्वास बघत बसायचं.

या गोळीची गोष्टही मी त्यांच्याकडूनच ऐकली. रक्तदाबाचं हे औषध विंचूदंशावर चालतं, हे महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ओळखलं. १९८६ साली त्यांचं हे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे बावस्करांनी महाडमध्ये स्वतःचं रुग्णालय काढलं आणि संशोधनही चालू ठेवलं. खासगी प्रॅक्टिस म्हणजे सेवेला रामराम, हा माझा समज तिथे गळून पडला. तालुक्याच्या गावात स्वतःच्या पाटीखाली बसूनही मोठं काम होतं, हे सिस्टरांनी मला कळू दिलं.

मेडिसिनमध्ये एमडी करून मी त्याच भागात परतले तेव्हा माझ्याकडे दहा खाटांच्या रुग्णालयाचा आराखडा होता. आयसीयू, एक्स-रे, औषधांचं दुकान, सगळं त्यात होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती. बाँडच्या वर्षात ज्यांच्याकडे मी अवघड पेशंट पाठवायची, त्या सरांना तो कागद दाखवायला गेले. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘हप्ता कोण फेडणार?’’

‘‘मी.’’

‘‘तू नाही, पेशंट फेडणार. एक तारीख जवळ आली की समोरच्या माणसाच्या आधी तुला हप्ता दिसेल. मग साध्या डोकेदुखीलाही सीटी स्कॅन लिहावासा वाटेल. तू वाईट आहेस म्हणून नाही गं, हप्ता भरायचाय म्हणून.’’

मग म्हणाले, ‘‘संध्याकाळी माझी खोली रिकामीच असते. तिथे बस. भाडं नको.’’

त्यांच्या अटी दोनच होत्या. फी किती ते बाहेर फळ्यावर लिहायचं आणि तपासणीला पेशंट पाठवल्याबद्दल कट घ्यायचा नाही. दुसऱ्या अटीची परीक्षा लवकरच झाली. एका तपासणी केंद्राचा माणूस पाकीट घेऊन आला, ‘‘रीत आहे, मॅडम’’ म्हणाला. मला त्या वेळी सरांनी सांगितलेली गोष्ट आठवली. २०१३ मध्ये अशाच एका केंद्राने पाठवलेला चेक बावस्करांनी परत केला होता आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केली होती. मीही पाकीट परत दिलं. पण खरं सांगायचं तर डोक्यावर हप्ता नव्हता, म्हणून माझा हात इतक्या सहज मागे आला. ती मोकळीक सरांनी दिलेली होती.

कंपाउंडर काकांनी शिकवलेलं कुठल्याच वॉर्डात शिकवत नाहीत. मी रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या लिहायची. एकदा पेशंट बाहेर गेल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यांना आठवड्याच्याच लिहा. महिन्याच्या लिहिल्यात तर घेणारच नाहीत.’’ त्या दिवसापासून ‘‘गोळ्यांना किती खर्च येतो?’’ हा प्रश्न मी ‘‘झोप लागते का?’’ इतकाच न चुकता विचारते. ज्यांना आठवड्याचा खर्चही झेपत नाही, त्यांना चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवते. साधी औषधं तिथे फुकट मिळतात. माझा एक पेशंट कमी होतो, पण त्याचं औषध चालू राहतं.

कागदपत्रांची शिस्तही सरांचीच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे अनेक डॉक्टर धास्तावले होते. सर तेव्हापासून प्रत्येक केसपेपर स्वच्छ अक्षरात लिहीत आणि म्हणत, ‘‘हे कोर्टासाठी नाही, उद्या हा पेशंट बघणाऱ्या डॉक्टरसाठी.’’

पुढे ओपीडीचा जम बसला. मी जागा घेतली, मोजक्या खाटा टाकल्या, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी केली, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार केला. थोडं कर्जही काढलं, पण ओपीडीच्या कमाईतून फिटेल एवढंच. तो आकडा सरांनीच बसून काढून दिला.

आता नवे डॉक्टर मला विचारतात, प्रॅक्टिस सुरू करू का? मी त्यांना जागा आणि मशीन बाजूला ठेवायला सांगते. नको त्या तपासणीला आणि नको त्या पाकिटाला नाही म्हणता येईल, इतकाच महिन्याचा खर्च ठेवता येतोय का, ते आधी बघा. रात्री अडलात तर फोन उचलेल असा वडीलधारा डॉक्टर गावात आहे का, ते बघा. आणि पेशंटची परिस्थिती तुमच्या कानात सांगेल असं माणूस जोडा. या तिन्ही गोष्टी मला आयत्या मिळाल्या. ज्यांच्यामुळे मिळाल्या, त्यांना शोभेल अशी प्रॅक्टिस करणं, एवढीच फेड माझ्या हातात आहे आणि ती रोजच्या ओपीडीत करावी लागते.