जर्सी, टेक्सास, अलास्का

2014 साली मी काबूलला एका बांधकामावर सुपरवायझर म्हणून गेलो. पहिल्याच दिवशी स्टोअरच्या वहीत नोंद दिसली : जर्सी 40, टेक्सास 12, अलास्का 60. आमच्या साताऱ्याकडे जर्सी म्हणजे गाय. इथे ती काँक्रीटची भिंत निघाली, बॉम्बस्फोटापासून आडोसा देणारी.

जर्सी सगळ्यांत बुटकी. जेमतेम तीन फूट उंच, वजन दोनेक टन. आपल्या उड्डाणपुलांच्या कडेला असतो तसा, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला कठडा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात महामार्गांसाठी तो आकाराला आला, म्हणून हे नाव. पुढे इराकमध्ये अमेरिकी सैन्याला त्याहून उंच भिंती लागल्या, तेव्हा त्यांनाही राज्यांचीच नावं मिळाली. कोलोरॅडो सहा फुटांची. टेक्सास थोडीच जास्त उंच, पण वजन सहा टनांच्या घरात. अलास्का बारा फूट आणि सात टन. उंच भिंतींना टी-वॉल असंही म्हणत, कारण त्यांचा आकार उलट्या इंग्रजी टीसारखा. इराकमध्ये ‘ब्रेमर वॉल’ हेही नाव रुळलं होतं. 2003-04 मध्ये तिथला कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्यावरून ते पडलं.

काम माझ्या ओळखीचं होतं. लोखंडी साचा, आत सळयांची जाळी, मग काँक्रीट आणि व्हायब्रेटर. वर उचलण्यासाठी हुक. या भिंतीला पाया खणावा लागत नाही, ती स्वतःच्या वजनावर उभी राहते. क्रेनने अलगद टेकवायची, पुढची तिला चिकटवून लावायची. सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी बंद झालेला असे.

आमच्याकडे एक म्हातारे गवंडी होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. निर्वासित म्हणून बरीच वर्षं पेशावरला काढल्यामुळे त्यांना उर्दू चांगली येई. मी भिंतींची नावं सांगायचो, ते मान डोलवायचे आणि सगळ्यांना एकच शब्द वापरायचे, ‘देवाल’. एकदा ओळ लावून झाल्यावर त्यांनी पृष्ठभागावरून तळवा फिरवला. एके ठिकाणी हवेचे बुडबुडे राहून बारीक छिद्रं पडली होती, ती बोटाने दाखवली. मग म्हणाले, “इंजिनियर साहेब, माल पक्का आहे. पण माझ्या भावाचं दुकान बाहेरच्या बाजूला आहे.”

मला उत्तर देता आलं नाही. भिंत स्फोटाचा धक्का गिळून टाकत नाही. बराचसा धक्का ती परतवते, आणि तो रस्त्याकडे जातो. 7 जुलै 2008 रोजी काबूलमधल्या आपल्या दूतावासावर हल्ला झाला. पन्नासहून अधिक माणसं मेली, त्यात आपले चारजण होते. त्यानंतर बाहेरचा बंदोबस्त भक्कम केला. 8 ऑक्टोबर 2009 ला पुन्हा स्फोट झाला, तेव्हा दूतावासातलं कुणी दगावलं नाही. त्या दिवशी 17 जण मेले, बहुतेक सगळे रस्त्यावरचे. आतली माणसं भिंतीमुळे वाचली, याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. मीही तशाच भिंतीआड झोपत होतो. पण उस्तादांचा भाऊ कुठे होता, हेही मला विसरता येत नाही.

नंतर ‘आर्टलॉर्ड्स’ नावाच्या गटातली तरुण मुलं शहरातल्या या भिंती रंगवू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात ब्रश देत. एका भिंतीवर दोन मोठे डोळे काढलेले मी गाडीतून पाहिले. बाहेरच्या माणसांनी भिंतीची बाहेरची बाजू आपली करून घेतली होती. ऑगस्ट 2021 नंतर तालिबानच्या राजवटीत त्यांतल्या कित्येक चित्रांवर रंग फासला गेला. फोटो पाहताना पोटात तुटलं.

आता मी इकडे महामार्गाच्या कामावर आहे. मधल्या दुभाजकाचा साचा तोच, जर्सीचा. साचा उघडला की मी तळवा फिरवून छिद्रं पाहतो. ही सवय उस्तादांची. या बुटक्या भिंतीला एक चांगली बाजू आणि एक वाईट बाजू, असं काही नसतं. जाणाऱ्या गाडीला ती येणाऱ्या गाडीवर जाऊ देत नाही, आणि येणाऱ्या गाडीला जाणाऱ्या गाडीवर. उस्ताद भेटले, तर त्यांना ही देवाल दाखवायची आहे.