शिवोलीस जाऊन आलो

रोमेस किंवा वेलांकणीस जाऊन आलेले आमचे धर्मबंधू आपल्या यात्रेची हकीगत लिहितात, ती आम्ही आवडीने वाचतो. आमचा प्रवास तेवढा थोर नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून पहाटे निघालो, चोर्ला घाट उतरून बारदेशातील शिवोलीस गेलो आणि रात्री घरी परत आलो, इतकेच. परंतु त्या एका दिवसात आमचे एक मत बदलले. चाळिशी ओलांडलेल्या धर्मगुरूचे मत बदलणे किती कठीण असते, हे आमच्या धर्मग्रामातील माणसे चांगले जाणतात. म्हणून ही हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

निमित्त साधेच होते. गेल्या जानेवारीतील एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून चर्चसाठी व स्वयंपाकघरासाठी काही जिन्नस आणावयाचे होते. शिवाय सेमिनरीतील आमचे एक जुने सोबती शिवोलीस आले होते, त्यांची भेट घ्यावयाची होती. गाडी हाकण्यास आमच्या गावचा एक बावीस वर्षांचा तरुण तयार झाला. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात तो पाळीने काम करतो. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, “फादर, पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलात डोके घालून बसतो. धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. वाटेत तुम्हीच त्याला चार शब्द सांगा.” आम्ही मान डोलावली आणि निजण्यापूर्वी मनात एक लहानसे प्रवचनही तयार करून ठेवले.

जांबोटी मागे टाकून कणकुंबीस पोहोचलो तेव्हा रस्त्यावर दाट धुके होते. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. येथे जन्मलेले पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. याच तालुक्यात उगम पावलेली म्हादई मात्र पश्चिमेकडे वळून गोव्यात उतरते. आमच्या गावच्या तरुणांचेही असेच आहे. कोणी बेळगाव-बंगळूरची वाट धरतो, कोणी घाट उतरून गोव्यात जातो व तेथून जहाजावर नोकरीस लागतो. मधल्या डोंगरात राहणारे थोडेच. आमचा सारथी त्या थोड्यांपैकी एक होता.

घाटातील वळणे सुरू झाली आणि आम्ही प्रवचनास आरंभ करणार, तोच तो आपण होऊन बोलू लागला. गोव्याच्या संघाचे सामने, युरोपातील संघांचे सामने, कोणत्या खेळाडूला किती कोटींना विकत घेतले, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, हे सारे त्यास मुखोद्गत होते. गुडघ्याचा विषय निघताच तो क्षणभर थांबला. दोन वर्षांपूर्वी चर्चलगतच्या आमच्याच मैदानावर खेळताना त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले होते. बेळगावात शस्त्रक्रिया झाली, पाय बरा झाला. परंतु त्यानंतर तो मैदानावर कधी दिसला नाही.

आम्ही विचारले, “अरे, पण रात्री दोनपर्यंत जागतोस ते कशासाठी?”

“फादर, युरोपातले सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. आणि मी पाळी संपवून घरी येतो तेव्हा आईबाबा निजलेले असतात. बोलणार कोणाशी? मोबाइल उघडला म्हणजे निदान मैदान तरी दिसते.”

या उत्तराची तजवीज आमच्या प्रवचनात नव्हती. तेव्हा आम्ही त्यास आमच्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली.

१९९० साली इटलीत विश्वचषकाचे सामने झाले तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. गावात दूरदर्शनचा संच एकच होता, तोही कृष्णधवल. बांबूला बांधलेली अँटेना पावसाळी वाऱ्याने फिरे, चित्रात मुंग्या येत, आणि कोणीतरी गोणपाट डोक्यावर घेऊन कौलांवर चढे. खालून सारे ओरडत, “आले! गेले! थोडे डावीकडे!” पहिल्याच सामन्यात कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाचा एका गोलने पराभव केला. पुढे त्या संघातील अडतीस वर्षांचा रॉजर मिला गोल करून कोपऱ्यातील निशाणाजवळ नाचला, तेव्हा ओसरीवरची माणसेही नाचली. ८ जुलै रोजी रोममध्ये अंतिम सामना झाला. त्या रात्री त्या ओसरीवर चाळीसपेक्षा अधिक माणसे दाटीवाटीने बसली होती. निम्म्यांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते. मॅराडोना क्रुसाची खूण करतो म्हणून एका आजीबाईंनी अर्जेंटिनासाठी जपमाळ हाती धरली होती. शेवटी पेनल्टीवर पश्चिम जर्मनी जिंकली. आजीबाई आठवडाभर खिन्न होत्या.

तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, “फादर, १८ डिसेंबर २०२२ ला तेच अर्जेंटिना कतारमध्ये जिंकले. तीन-तीन बरोबरी झाली आणि मग पेनल्टींवर निकाल लागला. घरात सारे झोपले होते. मी कानांत यंत्र घालून चादरीखाली पाहत होतो. ओरडावेसे वाटले, म्हणून तोंडावर उशी दाबून धरली. सकाळी सांगायला गेलो, तर आई म्हणाली, आधी दूध घेऊन ये.”

एवढे बोलून तो गप्प झाला. खाली केरीजवळ अंजुणे धरणाचे पाणी उन्हात चकाकत होते. आमचे प्रवचन आम्ही तेथेच घाटात सोडून दिले.

साखळी, डिचोली करीत म्हापशास पोहोचलो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. मयड्याची केळी, चोरिसांच्या माळा, मातीची भांडी व सुक्या मासळीचे ढीग यांतून वाट काढीत आम्ही आपली खरेदी आटोपली आणि दुपारी शिवोलीस गेलो.

शिवोली हे शापोरा नदीच्या काठचे गाव. पलीकडे पेडणे तालुका. २४ जूनच्या सांजांवाला सजविलेल्या होड्या नदीतून येथे येतात, तो सोहळा प्रसिद्ध आहे. दोन उंच मनोऱ्यांचे येथील चर्च संत अंतोनीचे असून संताच्या मूर्तीच्या हातातील दोरीस एक साप बांधलेला आहे. आमचा सोबती ती मूर्ती मोठ्या कौतुकाने पाहत उभा राहिला. परंतु आमचे सेमिनरीतील मित्र म्हणाले, “चेंडूचे वेड असलेल्या या पोरास दुसरीच गोष्ट सांगतो.”

ती गोष्ट अशी. गोव्यात फुटबॉल प्रथम आला तो याच शिवोलीत, असे तेथील खेळाचा इतिहास सांगतो. आणि तो आणला विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका धर्मगुरूंनी, १८८३ साली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य असले तरी हा खेळ पोर्तुगिजांनी आणला नाही. शेजारच्या इंग्रजी अमलाकडून आलेल्या या फादरांनी आणला. मुलांच्या शिक्षणात खेळालाही जागा असली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यांची शाळा पुढे हडफडे येथे नावारूपास आली. त्या बीजाचा वृक्ष किती वाढला पाहा. १९८३ साली कलकत्त्यात गोव्याने बंगालसह संतोष करंडक संयुक्तपणे पटकाविला आणि पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये पंजाबला हरवून तो एकट्याने जिंकला. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या संघांनी राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली.

आमचा सोबती हे ऐकत असता आमच्याकडे एकदोनदा पाहत होता. आम्ही नजर खाली वळविली. त्याचे कारण वाचकांस लवकरच कळेल.

उन्हे कलल्यावर आम्ही पायी फिरावयास निघालो. चर्चपासून काही अंतरावर, भातकापणी झालेल्या शेतात, दहा-बारा वर्षांची मुले खेळत होती. गोलाच्या जागी दोन-दोन काठ्या रोवलेल्या; भाताची खुंटे पायांखाली तुडवून सपाट झालेली. मोठ्या सामन्यांचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. ते शेत त्याच्या पाव हिश्श्याचेही नव्हते. बांधावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आम्हांस पाहून ते उठू लागले, तेव्हा आम्हीच त्यांच्याशेजारी बसलो.

ते म्हणाले, “फादर, आमच्या लहानपणी कापणीपासून पावसापर्यंत येथे अशी चार मैदाने असत. आता तिकडे बघा.” शेतापलीकडे उंच भिंतींची नवी घरे उभी होती, खिडक्या बंद होत्या. “दूरच्या लोकांची घरे आहेत. वर्षातून पंधरा दिवस उघडतात. ज्यांनी शेते विकली, त्यांचे पैसे केव्हाच संपले. शेत काही परत येत नाही.”

इतक्यात चेंडू आमच्या सोबत्याच्या पायाशी आला. त्याने तो बऱ्या पायाने हळूच परत दिला. एका संघात एक मूल कमी होते. त्यांनी त्यास हाक मारली. त्याने गुडघ्याकडे बोट दाखविले. त्यावर एक चिमुरडा म्हणाला, “मग गोलात उभा राहा. तेथे धावावे लागत नाही!”

तो गेला. पायांतील बूट काढून बांधावर ठेवले आणि त्या दोन काठ्यांमध्ये उभा राहिला. पहिला चेंडू त्याच्या हातांतून सुटला. दुसराही सुटला. तिसरा त्याने झेप घेऊन अडविला आणि धुळीत पडला. आमचा जीव वर-खाली झाला. परंतु तो कपडे झटकीत हसत उठला. बांधावरचे आजोबा टाळी वाजवून ओरडले, “वाहवा, ब्रह्मानंद!” ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे गोव्याच्या त्या संतोष करंडक विजयांतील गोलरक्षक, १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार व २०२२ साली पद्मश्री मिळाली. आजोबांच्या लेखी गोलरक्षकास याहून मोठे नाव नव्हते. अर्धा तास तो त्या मुलांत होता. निघताना एकेकाचे नाव विचारून घेतले.

परतीच्या वाटेवर घाट चढताना अंधार पडला. बराच वेळ तो बोलला नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “फादर, एक गोष्ट सांगायची आहे. चर्चच्या मैदानावर हॉल बांधण्याच्या अर्जावर तरुणांच्या वतीने मी सही केली. सगळ्यांना वाटले, हॉल व्हावा म्हणून केली. खरे तसे नव्हते. आमच्या खिडकीतून ते मैदान दिसते. संध्याकाळी पोरे खेळताना दिसली, की मला खिडकी लावून घ्यावी लागते. ते मैदानच नसले तर बरे, असे वाटले होते.”

वाचकहो, आता आमचाही कबुलीजबाब ऐका. त्या हॉलचा आग्रह मुळात आमचाच होता. लग्नकार्यांस सोय होईल, भाडे येईल, आत मोठा टेलिव्हिजन बसवून तरुणांस एकत्र आणता येईल, अशी कारणे आम्ही धर्मग्राम मंडळापुढे मांडली होती. ती खोटी नव्हती. परंतु मनात आणखी एक कारण होते, ते आम्ही कोणास सांगितले नव्हते. मुलांचा आरडाओरडा आमच्या संध्याकाळच्या वाचनात व्यत्यय आणी, आणि त्यांच्या चेंडूने आमच्या घराची कौले वर्षातून तीन-चारदा फुटत. एका धर्मगुरूने १८८३ साली मुलांच्या हाती चेंडू दिला, आणि दुसरा तो शांततेसाठी काढून घेण्यास निघाला होता. हे त्या काळोखात आम्ही त्यास सांगितले. तो म्हणाला, “कौले मीच फोडली आहेत, फादर. निदान पाच.”

टेलिव्हिजनास किंवा मोबाइलास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या ओसरीवरच्या कृष्णधवल संचाने आमच्या गावास जेवढे आनंदाचे क्षण दिले, तेवढे अनेक प्रवचनांनी दिले नसतील. पण त्या आनंदास चाळीस माणसे होती; चादरीखाली जागणाऱ्या पोराजवळ एकही नव्हते. पडद्यावरच्या खेळाडूंची नावे आपल्याला पाठ असतात, त्यांना आपले नाव ठाऊक नसते. ज्या खेळात आपल्याला नावाने हाक मारली जाते, त्यासाठी गावात मोकळी जागा असावी लागते, आणि ती एकदा गेली म्हणजे पुन्हा मिळत नाही. त्याच्या आईसही आम्ही एवढेच सांगितले, की रात्री तो घरी येईल तेव्हा आठवड्यातून एखादे वेळी तुम्ही उठून बसा आणि कोण जिंकले ते विचारा.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मंडळाची सभा बोलावली व आपली चूक कबूल केली. हॉलसाठी ज्यांनी आखाती देशांतून पैसे पाठविले होते, त्यांच्या नातेवाइकांस राग येणे स्वाभाविक होते, आणि तो आला. दोन तास चर्चा झाली. अखेर मैदानास हात लावू नये, विहिरीमागील पडीक जागेत लहान हॉल होतो का ते पाहावे, असे ठरले. सर्वांचे समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दोन घरची मंडळी अद्याप आमच्याशी तोडून बोलतात.

आमचा सारथी आता सुट्टीच्या दिवशी मैदानावर जातो. पायावर फार भार देत नाही. गोलात उभा राहून लहान मुलांना चेंडू अडविण्यास शिकवितो. प्रथम सहा मुले होती, गेल्या खेपेस चौदा आली. रात्रीचे सामने त्याने सोडलेले नाहीत, आणि आम्ही त्यास सोडण्यास सांगितलेलेही नाही.

हे लिहीत असतानाच माजघरावरचे एक कौल फुटल्याचा आवाज आला. बाहेर एकदम शांतता पसरली आहे. कोणीतरी दारापर्यंत येऊन घुटमळत आहे. चेंडू परत देण्यास उठावे लागेल, तेव्हा येथेच थांबतो.