२४८ दिवस अग्रस्थानी

२०२२-२३च्या हंगामात माझा आवडता आर्सेनल संघ २४८ दिवस प्रीमियर लीगच्या गुणतालिकेत अग्रस्थानी होता. २००४ नंतरचे पहिले विजेतेपद दृष्टिपथात आले होते. मात्र मार्चमध्ये बचावफळीतील सलिबा जायबंदी झाला आणि एप्रिलमध्ये सारे विस्कटले. लिव्हरपूल व वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेऊनही बरोबरी, तळाच्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३, आणि मँचेस्टर सिटीकडून ४-१ असा पराभव! त्या उत्तररात्री पुन्हा सामना न पाहण्याचा निश्चय मी संतापाने केला.

मग आपल्या वसतिगृहाचे मैदान आठवले. हरलो तरी चिखलाने माखलेला चेंडू आम्ही धुऊनच ठेवत असू. उद्या पुन्हा खेळायचे असे.

पुढचा सामना चेल्सीशी होता. मी जागाच राहिलो.